डोळस साप

लग्न होऊन मी पिंगळीच्या पलीकडच्या गावात नांदायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला ताकीद मिळाली की साप हा शब्द तोंडातून काढायचा नाही. नाव घेतलं की तो येतो, अशी घरादाराची खात्री. त्याला लांबडं म्हणायचं, जनावर म्हणायचं, फारच जवळ दिसला तर नुसतं ‘ते’ म्हणायचं. आणि तो कुणाला चावला तर ‘चावला’ असंही म्हणायचं नाही, ‘पान लागलं’ म्हणायचं. मी तेव्हा परभणीतल्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवत होते. वर्गात सरपटणाऱ्या प्राण्यांचा धडा शिकवायचा, विषारी-बिनविषारी चित्रं दाखवायची आणि घरी येऊन लांबडं म्हणायचं. सासरी शांतता हवी असेल तर विज्ञान शाळेतच ठेवून यावं लागतं.

दुसरा नियम दिवस राहिल्यावर कळला. पोटुशी बाईची सावली पडली की लांबडं जागच्या जागी आंधळं होतं. म्हणून ते तिच्या वाटेला जात नाही, आणि म्हणून पोटुशीला पान लागत नाही. मी सासूबाईंना, म्हणजे आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाईंना, विचारलं की आंधळं झालेलं लांबडं कुणी पाहिलंय का. त्या म्हणाल्या, आंधळं झालेलं कशाला येईल दाखवायला?

मग माझी कारकीर्द सुरू झाली. शेजारच्यांच्या धान्याच्या खोलीत पोत्यांमागं काहीतरी शिरलं. बायाबापड्या अंगणात, गडीमाणसं काठ्या घेऊन दारात, आणि आत जायला कुणीच नाही. तेवढ्यात कुणाला तरी आठवण झाली की यांच्या सुनेला दिवस आहेत. मला हाताला धरून नेलं. दारात उभी राहिले तर अडचण अशी की आत सावली पडेना, खोलीत अंधार. त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी माझ्या दिरानं माझ्या पाठीमागून मोबाइलची बॅटरी मारली आणि माझी लांबलचक सावली पोत्यांवर पाडली. थोडं डावीकडं सरका, वहिनी, असं तो फोटो काढणाऱ्यासारखा सांगत होता. थोड्या वेळानं एक धामण मोरीच्या भोकातून आपल्या सोयीनं निघून गेली. सगळ्यांनी पाहिलं की ती चाचपडत गेली. साप डोळे चांगले असले तरी तसाच जातो, हे मी बोलले नाही, कारण त्या लोकांनी मला पाटावर बसवून चहा दिला होता. सुनेला शेजारी पाटावर बसवतात असं रोज घडत नाही.

तिथून बोलावणी येऊ लागली. गोठ्यात दिसलं, चला. कडब्याच्या गंजीत दिसलं, चला. एका बागायतदारानं तर जीप पाठवली, कारण त्याच्या उसाला मजूर हात लावायला तयार नव्हते. मी बांधावर उभी राहिले, उन्हं तिरपी होती, सावली चांगली लांब पडली, मजूर कामाला लागले. सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, ते आता अटी घालायला लागले. फार लांब धाडणार नाही, उन्हाचं धाडणार नाही, परत आणून सोडायचं. आत्याबाई प्रत्येक खेपेनंतर मीठ-मिरच्यांनी माझी दृष्ट काढायच्या. माझ्या जाऊबाईंना दोन लेकरं झालेली, पण त्यांना कधी कुणी असं बोलावलं नव्हतं. आमच्या टायमाला लांबडी कमी व्हती, असं त्या येईल-जाईल त्याला सांगत होत्या.

सातवा सरला. पाऊस उघडला होता, सोयाबीनची काढणी चालू होती आणि गाव सगळं रानात. माझ्या शाळेला सुटी होती. घरात गॅस आहे, पण तो चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. अंघोळीचं पाणी आमच्याकडं अजून तुराट्यांवर तापतं. तुरीच्या त्या वाळलेल्या काड्यांची गंजी परसात भिंतीला लावून रचलेली असते. दुपार कलल्यावर मी तिथं गेले आणि वाकून कवळाभर काड्या ओढल्या. घोट्याच्या वर काहीतरी जोरात बसलं. पाय मागं घेतला तर समोर ती. जाड, तपकिरी, पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके, आणि कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ सुटते तसा फुसकार. घोणस. हिचं चित्र मी दरवर्षी फळ्याला चिकटवत होते. माझी सावली तिच्या अंगावर पडली होती आणि ती सरळ माझ्याकडं बघत होती.

मी घरात आले आणि आत्याबाईंना म्हणाले, “मला पान लागलं.” तशा वेळीही मी रीत पाळली, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

त्यांनी पाय पाहिला. दोन ठिपके होते, रक्त ओघळत होतं. काटा असंल, त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. तोवर शेजारून चुलत सासू आल्या. या बाईंना आमच्या भावकीत मोठा मान. बाळंतपणापासून दहाव्यापर्यंत त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. त्यांनी पायाकडं लांबूनच पाहून निकाल दिला की पोटुशीला पान लागत नाही, सबब हा तुराटीचा काटा, हळद लावा. मी म्हणाले, मी डोळ्यांनी बघितली. त्या म्हणाल्या, “तू बघितलं असशील. पन त्यानं तुला बघितलं न्हाई.”

हळद लागली. मग कुणीतरी कडुनिंबाचा पाला आणला. विष चढलं असेल तर पाला कडू लागत नाही म्हणतात. मी चावला आणि कडू लागला, चांगला जहर लागला. हे सांगितल्यावर सगळ्यांना फार बरं वाटलं. पाय तोवर पोटरीपर्यंत सुजला होता आणि त्यातून कळा निघत होत्या. पण पाल्याचा निकाल हाती आलेला असताना पायाचं कोण ऐकतो? मला उलटी झाली. तीही पाल्यानं झाली असं ठरलं.

इतक्यात मामा आणि दीर सोयाबीनची पोती घेऊन रानातून आले. मागोमाग आणखी चार माणसं आली. मला वाटलं आता ऑटो येईल. पण गडीमाणसं अशा बाबतीत पुराव्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. ती सगळी आधी गंजीकडं गेली. त्यांच्यात एक म्हातारबाबा होते, लांबड्यांमधले जाणकार. त्यांचं म्हणणं असं की भांडायचं कशाला, ते आंधळं झालंय का नाही ते बघून घेऊ. त्यांनी काठीनं तुराट्या बाजूला केल्या. घोणस तिथंच होती, वेटोळं घालून. बाबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, काठीच्या टोकाला बांधला आणि तिच्यासमोर डावीकडून उजवीकडं हलवला. ती रुमालाबरोबर मान फिरवत राहिली आणि मग झेप घेऊन रुमालात दात रोवले. माझा दीर हे सगळं मोबाइलवर घेत होता.

“डोळस हाय,” बाबांनी जाहीर केलं.

मी परसाकडच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. माझ्या अंगात विष होतं आणि माझी तपासणी परसात सापाच्या डोळ्यांवर चालली होती. तरी मला वाटलं, चला, खटला आपण जिंकलो. साप डोळस आहे, म्हणजे तो चावू शकतो, म्हणजे तो चावला. शाळेत मी असंच शिकवत होते. पण आमच्या गावातलं तर्कशास्त्र माझ्या पुढं एक इयत्ता होतं. चुलत सासूंनी जरा विचार केला आणि हळू आवाजात, अगदी मायेनं म्हणाल्या, “डोळस हाय म्हंजी सावली लागलीच न्हाई त्याला. पोटात जीव असता तर लागली असती.”

सगळ्यांच्या नजरा माझ्या पोटावर आल्या आणि लगेच बाजूला झाल्या. मयताच्या घरी बघतात तशा. नियम चुकीचा असेल असं त्या एवढ्या माणसांतल्या एकाच्याही मनात आलं नाही. माझं लेकरू चुकीचं असेल हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. त्या वेळी ते पोटात लाथा मारत होतं. मला घोणशीचा राग आला नाही, ती बिचारी तिच्या गंजीत होती. या चुलत सासूंचा आला. तो अजून गेलेला नाही आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

मी म्हणाले, हलतंय, हात लावून बघा. हात कुणी लावला नाही. जिथं जीव नाही असं ठरलंय तिथं हात कोण लावणार? आत्याबाईंनीही लावला नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि दिराला म्हणाल्या, “शूटिंग बंद कर आन् ऑटो आन.”

ऑटोत मी, आत्याबाई आणि दीर. माझा नवरा परभणीला बी-बियाणांच्या दुकानात कामाला होता, त्याला फोन केला. रेल्वेचं फाटक लागलं होतं आणि मालगाडी चालली होती. मालगाडी जशी चालते तशीच चालली होती, तिला माझी घाई ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. फाटकापाशीच मला तोंडात खारट लागलं. थुंकले तर लाल. हिरड्यांतून रक्त येत होतं. आत्याबाईंनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि पदर मुठीत धरून ठेवला, मला दिसू नये म्हणून.

शहरात शिरता शिरता जो पहिला दवाखाना दिसला तिथं ऑटो थांबवला. डॉक्टर तरुण होता, नुकताच बाहेरच्या मोठ्या शहरातून आलेला, भिंतीवर गरोदर मातांसाठी रंगीत चित्रं लावलेली. आत्याबाई धापा टाकत म्हणाल्या, “डागदर, सुनंला पान लागलंय. सातवा सरलाय.”

त्यानं माझं तोंड उघडायला लावलं. दात लाल, ओठ लाल, पदर लाल. घाम सुटलेला, चक्कर, मळमळ. सुपारी लागते तसं पान लागलं असणार, आणि ते तंबाखूचं असणार, हे त्याला एका नजरेत कळलं. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं आणि आम्हाला समजावायला सुरुवात केली. गरोदरपणात तंबाखूनं बाळाचं वजन कमी होतं. खेड्यात बायकांना ही सवय असते, पण सोडता येते. त्यानं भिंतीवरचं एक चित्र दाखवलं. बोलत होता फार कळकळीनं, आणि खरं सांगायचं तर एकही शब्द चूक नव्हता. मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं की त्याला आणखी लाल दिसायचं. मी पायाकडं बोट केलं तर त्यावर हळद थापलेली. तो म्हणाला, हळद चांगली, पण आधी ही सवय.

आत्याबाई दोनदा म्हणाल्या, पान लागलंय हो. तो दोनदा म्हणाला, तेच सांगतोय मी. दिरानं मोबाइल पुढं केला तर डॉक्टरनं हातानं थांबवलं, आधी माझं ऐका. मग आत्याबाई टेबलावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

“साप,” त्या म्हणाल्या. “साप चावलाय माझ्या सुनंला. घोणस.”

जन्मभर त्या बाईनं तो शब्द तोंडातून काढला नव्हता. त्या घरात आल्यापासून मी तो त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरचा चेहरा पांढरा पडला. आमच्याकडं लस नाही, तो म्हणाला, आणि पोटात बाळ असताना जिम्मेदारी घेता येणार नाही, मोठ्या दवाखान्यात न्या, ताबडतोब न्या. ‘ताबडतोब’ हा शब्द त्या दिवशी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मोठ्या दवाखान्यात एक बाई डॉक्टर होत्या. त्यांनी हळद पुसली, काचेच्या नळीत माझं रक्त घेतलं आणि नळी बाजूला ठेवली. रक्त गोठायला पाहिजे होतं ते पाण्यासारखं राहिलं. लगेच लस चढवायला सुरुवात झाली. नवरा तोवर धावत आला होता. त्यानं विचारलं, बाळाला चालतं का हे. त्या म्हणाल्या, आई वाचली तर बाळाला काही आशा, दोघांना औषध एकच. कुठला साप होता, असं विचारल्यावर दिरानं चित्रफीत दाखवली. तिच्यात साप थोडाच वेळ होता, बाकी रुमाल आणि बाबांचा आवाज. डोळस हाय म्हणजे काय, असं बाईंनी विचारलं. नवऱ्यानं खालमानेनं सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या पोटावर यंत्र ठेवलं, आवाज मोठा केला आणि मला ऐकवला. धावत आल्यासारखी धडधड. मी त्या आवाजाला रडले. इतक्या माणसांसमोर मला एकटीला जे सांगावं लागत होतं, ते कुणीतरी आतून बोलत होतं.

थोडं आधी आणलं असतं तर, असं त्या म्हणाल्या आणि वाक्य अर्धंच सोडलं. मी वाचले. माझं रक्त हळूहळू गोठायला लागलं, लघवी सुरू झाली, सूज उतरू लागली. पण आत रक्तस्राव होऊन गेला होता. एका सकाळी त्यांनी पुन्हा यंत्र ठेवलं, इकडं ठेवलं, तिकडं ठेवलं, आणि आवाज मोठा केला नाही. पुढचं मला नीट आठवत नाही. कळा आठवतात, आणि शेवटी कुणी रडलं नाही हे आठवतं. मला ग्लानी होती. शुद्धीवर आले तेव्हा आत्याबाई आणि नवरा बाहेरून येऊन हातपाय धूत होते. बाळाला मातीत ठेवून आले होते.

घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर तरी त्या सावलीचं कुणी नाव काढणार नाही. मी अजून कच्चीच होते. नियमाला तर जास्तच तेज आलं होतं. बघा, पोटात जीव नव्हताच, म्हणून तर लांबडं डोळस राहिलं. मी विचारलं, मग शेजारच्यांच्या खोलीतली धामण कशी आंधळी झाली? तेव्हा जीव होता. मग गेला कधी? यावर म्हातारबाबांनी हिशेब मांडून सांगितलं की सोयाबीन काढणीच्या आधी गेला असणार. एका बाईचं मत वेगळं पडलं. सुनेला इतक्या ठिकाणी उभी केली की सावली वापरून वापरून पातळ झाली. हे मामांना फार लागलं, ते दोन वेळा जेवले नाहीत. जीप पाठवणाऱ्या बागायतदाराचं नाव यात कुणी घेतलं नाही. जाऊबाई मात्र गप्प होत्या, आणि त्या दिवसांत मला रोज भाकरी कुस्करून त्याच देत होत्या.

मी सांगून पाहिलं की दवाखान्यात ठोके ऐकले. मला सांगण्यात आलं की मशीन आईचेच ठोके पकडतं. चांगली शिकलेली माणसंसुद्धा मान डोलवत होती. आणि यातलं कुणीही माझं वाईट चिंतत नव्हतं, हे सगळ्यांत अवघड. ती मला धीर देत होती. वाईट वाटून घेऊ नको, त्यात जीव नव्हताच, मग गेलं काय? असा त्यांचा धीर. माझं लेकरू मेलं नव्हतं, कारण ते कधी जिवंतच नव्हतं. माझ्याकडून एवढं कबूल करून घेतलं की सगळे सुखानं चहा प्यायला मोकळे होते.

माझ्यासमोर सगळे ‘बाळ’ म्हणत. बाळ गेलं, बाळ ठेवलं, बाळ नशिबात नव्हतं. दवाखान्यातही तसंच, घरीही तसंच, नवराही तसंच म्हणायचा. मराठीत नपुंसकलिंगाची ही मोठी सोय आहे, ते कुठं टोचत नाही. मी विचारलं नाही. विचारायची माझी छाती नव्हती, आणि सांगायची कुणाची नव्हती.

एका दुपारी ओसरीवर बायका बसल्या होत्या. मी आतल्या खोलीत पडून होते, दार उघडं होतं. आत्याबाई सुपात तूर निवडत होत्या. दवाखान्यातून आल्यापासून त्या फार कमी बोलायच्या. चुलत सासूंनी चहा घेता घेता नव्यानं आलेल्या एका पाहुणीला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली, रुमालासकट, आणि शेवटी नेहमीसारखं म्हणाल्या की त्यात जीवच नव्हता.

सूप हलायचं थांबलं.

“नखं व्हती तिला,” आत्याबाई म्हणाल्या. “म्या माझ्या हातानं न्हाऊ घातलं. बोटाबोटाला नखं व्हती, बारीक बारीक. जीव नसता तर नखं कशानं वाढली?”

चुलत सासूंनी कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानं बायका एकेक करून उठल्या आणि आत्याबाई पुन्हा तूर निवडू लागल्या.

त्या ‘तिला’ म्हणाल्या होत्या. मुलगी होती, हे मला तेव्हा कळलं.